विश्लेषण : पिकअप वाढला, मग अ‍ॅव्हरेज का घटले? रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यात दडलेले इंजिनाच्या श्वासाचे गणित

पालम (जि. परभणी) : उसाचा हंगाम सुरू झाला की पालम-गंगाखेड रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बॉनेटवर उभे धुराडे, त्यातून निघणारा काळा धूर आणि चढाला बदलणारा इंजिनाचा आवाज हे इथले रोजचेच चित्र. त्याच रस्त्यावर सायलेन्सर बदललेल्या बुलेटही धावतात. एअर फिल्टर बदला, सायलेन्सर मोकळा करा, गाडी पळेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल, असा सल्ला गॅरेजच्या बाकड्यावर फुकटात मिळतो. काही जण त्यासाठी हजारो रुपये मोजतात.

इंजिनात हवा जास्त भरली तर काय होते? बाहेर जाणाऱ्या धुरातली ताकद परत मिळवता येते का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःच्या इंजिनावर प्रयोग करून शोधली होती. त्याचे नाव पंपावर रोज घेतले जाते, पण ते माणसाचे आडनाव आहे हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. तो माणूस म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचे आणि चामडी वस्तू बनवण्याचे काम करत. घर कारागिराचे, कमाई बेताची.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला पुढे एकट्यालाच जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातेवाईकांकडे पाठवण्यात आले. तिथले काका गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून मुलगा औद्योगिक शाळेत शिकला आणि पुढे शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला.

१८७९ मध्ये टायफॉइडमुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचा काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे, सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हाताने काम करण्यात घालवला. १८८० च्या जानेवारीत ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. विंटरथुर हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

इंजिन बनवण्याचे डोक्यात कसे आले?

म्युनिकमध्ये त्यांना कार्ल फॉन लिंडे शिकवत. शीतयंत्रांच्या इतिहासातले हे मोठे नाव. लिंडे यांच्या तासाला रुडॉल्फ यांना एक हिशेब कळला आणि तो त्यांना आयुष्यभर सतावत राहिला.

त्या काळी कारखाने वाफेच्या इंजिनावर चालत. कोळसा जाळून जी उष्णता तयार होई, तिच्यातील जेमतेम दहावा हिस्सा कामाला येई. आजच्या भाषेत सांगायचे तर शंभर रुपयांचे इंधन भरायचे आणि नव्वद रुपये धुरात, वाफेत सोडून द्यायचे. शिवाय हे इंजिन अवाढव्य. बॉयलर, चिमणी आणि कामगारांची फौज ज्याला परवडेल त्यानेच ते घ्यावे. लहान कारागीर त्यापुढे टिकणे अवघड होते.

कारागिराच्या घरात वाढलेल्या रुडॉल्फ यांना कमी इंधनात चालणारे आणि लहान धंद्यालाही परवडणारे इंजिन हवे होते. पदवीनंतर ते लिंडे यांच्या कंपनीत बर्फ आणि शीतयंत्रांचे काम करू लागले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन मुले झाली. नोकरी सुरू असतानाच इंजिनाचे आकडे मांडणेही सुरूच होते.

या इंजिनात वेगळे काय होते?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ यांच्या कल्पनेचा पाया हाच.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण आत घेऊन ठिणगीने पेटवले जाते. रुडॉल्फ यांनी आत फक्त हवा घ्यायचे ठरवले. ती हवा इतकी दाबायची की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटेल. दाब जितका जास्त, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामात उतरतो.

पेटंट २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचे आहे. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या सिद्धांतावर पुस्तक छापले. कागदावरच्या गणितात उष्णतेचा ७० टक्क्यांहून अधिक भाग कामाला येताना दिसत होता. आउग्सबुर्ग येथील यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी प्रयोगाला जागा आणि माणसे दिली. क्रुप या बड्या पोलाद कंपनीनेही पैसा लावला.

पहिल्या चाचणीत काय झाले?

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले इंजिन तपासले गेले. आत इंधन सोडताच स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण उडाले. इंजिन स्वतःच्या जोरावर चाललेच नाही. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे मात्र त्या स्फोटाने सिद्ध झाले.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारित इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःहून फिरले. गती होती मिनिटाला ८८ फेरे. त्या एका मिनिटापासून विकण्याजोग्या इंजिनापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली.

अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी तिसऱ्या इंजिनाची रीतसर मोजणी केली. एकच सिलिंडर, उंची माणसापेक्षा जास्त, ताकद सुमारे १८ हॉर्सपॉवर. एका हॉर्सपॉवरला तासाला २३८ ग्रॅम रॉकेल लागले. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के.

कागदावरच्या सत्तरच्या तुलनेत हा आकडा लहान होता. पण वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत तो अडीचपट होता. शंभर रुपयांतले दहा नव्हे, तर सव्वीस रुपये कामाला येऊ लागले होते.

जास्त हवा भरून पाहिली, तेव्हा काय दिसले?

या मोजणीच्या आधीचा एक प्रयोग आज फिल्टर-सायलेन्सर बदलणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

इंजिनाने नुसते ओढून हवा घेण्याऐवजी ती आधीच थोडी दाबून आत ढकलली, तर त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा मावेल. हवा जास्त म्हणजे इंधनही जास्त जाळता येईल आणि ताकद वाढेल. रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये याचे पेटंट घेतले आणि आपल्या तिसऱ्या इंजिनाला हवा भरणाऱ्या पंपाची जोड देऊन पाहिली.

ताकद वाढली, पण ताकदीच्या मानाने इंधन जास्त लागू लागले. कारण उघड होते. हवा दाबण्यासाठी लागणारा जोर इंजिनाकडूनच घेतला जात होता. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात होते. त्यांना अ‍ॅव्हरेज हवे होते, पिकअप नव्हे. पंप काढून टाकण्यात आला. २६.२ टक्क्यांचा विक्रम झाला तो या पंपाशिवाय.

धुरातली ताकद पकडण्याचा प्रयत्न का फसला?

इंजिनाच्या धुराड्यातून फक्त धूर जात नाही. ढोबळमानाने इंधनातील एक तृतीयांश ऊर्जा गरम वायूच्या रूपाने तिथून निसटते. रुडॉल्फ यांना हे खुपत होते.

त्यांनी तीन सिलिंडरांचे एक इंजिन बनवले. कडेच्या दोन सिलिंडरांत इंधन जळायचे. तिथून निघालेले गरम वायू मधल्या मोठ्या सिलिंडरमध्ये नेऊन उरलेली ताकद काढून घ्यायची, अशी ही योजना. १८९७ मध्ये चाचणी झाली आणि निराशा पदरी पडली. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात जाताना वायूंची उष्णता वाटेतच हरवत होती. साध्या इंजिनापेक्षा याला कितीतरी जास्त इंधन लागले. हाही प्रयोग त्यांनी थांबवला.

म्हणजे हवा आत घेण्याची वाट आणि धूर बाहेर जाण्याची वाट, दोन्ही सुधारण्याचा प्रयत्न खुद्द डिझेल यांनी केला होता. आकडे विरोधात गेले आणि त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले.

यश मिळाले, मग अडचण कुठे झाली?

१८९७ नंतर पैशांचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील हक्क बिअर उद्योगपती अडोल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना विकत घेतले. युरोपातील अनेक देशांत परवाने विकले गेले. म्युनिकमध्ये डिझेल कुटुंबाचा आलिशान बंगला उभा राहिला.

पण प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारे इंजिन आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यात रोज चालणारे इंजिन यांत फरक असतो. १८९८ मध्ये केम्प्टन येथील काडेपेटी कारखान्यात बसवलेल्या पहिल्या इंजिनाने चालवणाऱ्यांना घाम फोडला. परवाने घेतलेल्या इतर कारखान्यांतूनही तक्रारी येऊ लागल्या. इंजिन बाजारात पुरेसे तयार होण्याआधीच आले होते. आउग्सबुर्ग येथे डिझेल यांच्या इंजिनांसाठी काढलेली कंपनी काही काळातच गुंडाळावी लागली.

टीकाकारांनी आणखी एक बोट ठेवले. पेटंटमध्ये जी ज्वलनाची पद्धत लिहिली होती, तशी पद्धत प्रत्यक्ष इंजिनात नव्हती. वाद, खटले आणि दगदग यांमुळे डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना उपचार घ्यावे लागले. दावा मोठा आणि मोजणी लहान, या दरीची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेल इंजिनाचे मोठे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. समुद्रावर कोळशाचे राज्य संपण्याची ती सुरुवात होती.

त्यांचा शेवट कसा झाला?

जगभर नाव झाले तरी घरातली तिजोरी रिकामी होत होती. जमिनींमध्ये आणि तेलक्षेत्रांमध्ये गुंतवलेला पैसा बुडाला. सहकाराच्या धर्तीवर कामगारांचे कारखाने कसे उभारता येतील, यावर त्यांनी १९०३ मध्ये एक पुस्तक लिहिले. इंजिनापेक्षाही हे काम त्यांना मोलाचे वाटे. पुस्तक फारसे कोणी घेतले नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी ते बेल्जियममधील अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या जहाजावर चढले. इंग्लंडमध्ये कंपनीची बैठक होती. सहकाऱ्यांसोबत जेवण झाले. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून ते खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती, अंथरुणाला हातही लागलेला नव्हता. टोपी आणि कोट डेकच्या कठड्याजवळ सापडले.

सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला उत्तर समुद्रात मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन मृतदेह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन याने वडिलांच्या म्हणून ओळखल्या. वय होते ५५.

आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही तर्क लढवले जातात. कर्जाचा डोंगर आणि डायरीत त्या तारखेवर आढळलेली फुली यांमुळे अनेक अभ्यासक आत्महत्येकडे बोट दाखवतात. ठोस पुरावा कशाचाच नाही.

अर्धवट राहिलेले काम कोणी पूर्ण केले?

आता पुन्हा विंटरथुरला जाऊ. ज्या गावात तरुण रुडॉल्फ यांनी कारखान्यात हात काळे केले, त्याच गावात १८७९ मध्ये, म्हणजे नेमक्या त्याच वर्षी, आल्फ्रेड ब्युखी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुल्झर कारखान्यातच अधिकारी होते.

ब्युखी यांनी डिझेल यांचे दोन फसलेले प्रयोग एकमेकांना जोडले. हवा भरणारा पंप इंजिनाच्या जोरावर चालवायचा नाही. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा आत ढकलेल. १९०५ मध्ये त्यांनी पेटंट नोंदवले. यालाच आपण टर्बो म्हणतो.

त्यांनाही वीस वर्षे थांबावे लागले. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांना हे यंत्र जोडले गेले आणि १,७५० हॉर्सपॉवरचे इंजिन २,५०० हॉर्सपॉवर देऊ लागले. आज बहुतेक डिझेल मोटारी आणि ट्रकमध्ये टर्बो असतो. चांगल्या डिझेल मोटारीच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे, तर जहाजांच्या अवाढव्य इंजिनांनी ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

मग आज फिल्टर आणि सायलेन्सर बदलून अ‍ॅव्हरेज वाढते का?

डिझेल यांच्याच पद्धतीने, म्हणजे मोजून पाहिले तर उत्तर बहुधा नाही असे येते.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. आता दुचाकीतही कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली आहे. पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा, हे वजनी प्रमाण संगणक सांभाळतो. धुराच्या वाटेवर बसवलेला सेन्सर त्याला माहिती देतो. जास्त हवा आली की संगणक त्या प्रमाणात इंधनही जास्त सोडतो. त्यामुळे पिकअप किंचित वाढू शकतो, पण त्याच कामाला कमी पेट्रोल लागत नाही.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये उलट बाजूने हे तपासले. इंजेक्शन असलेल्या पेट्रोल मोटारींचा एअर फिल्टर मुद्दाम तुंबवून चालवला. मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, वेग पकडण्याची क्षमता मात्र घटली. तुंबलेल्या फिल्टरनेही मायलेज फारसे घटत नसेल, तर महागड्या फिल्टरने ते वाढेल कसे, हा साधा प्रश्न आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र तुंबलेल्या फिल्टरचा फटका मायलेजलाही बसतो.

मूळ सायलेन्सर काढला की आवाजासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू कमी करणारा भागही अनेकदा जातो. मोठ्या आवाजामुळे गाडी जोरात पळते असा भास होतो. त्या भासापायी अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळला जातो आणि अ‍ॅव्हरेज आणखी घसरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक बदल मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशा शिक्षेपर्यंत नेऊ शकतो. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

ट्रॅक्टरवाल्यांनी काय करावे?

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. मोटारी रस्त्यावर चालतात, ट्रॅक्टर धुळीत राबतो. काळ्या रानात नांगरट असो की सोयाबीनची मळणी, एअर क्लिनरवर धुळीचा मारा होतो. डिझेल इंजिनाला हवा कमी पडली की इंधन पूर्ण जळत नाही आणि धुराडे काळा धूर ओकू लागते. तो धूर म्हणजे न जळता उडून गेलेले पैसे.

अनेक ट्रॅक्टरना तेलाचा एअर क्लिनर असतो. त्याच्या वाटीतील तेल ठरलेल्या खुणेपर्यंत आहे ना, खाली गाळ साचला नाही ना, हे धुळीच्या दिवसांत रोज पाहावे. कोरडा फिल्टर असेल तर तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साफ करावा किंवा बदलावा. हवेच्या पाइपला चीर असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते. इतके करूनही काळा धूर थांबला नाही, तर नोझल आणि पंप तपासून घ्यावा. नवे काही बसवण्याआधी आहे ते नीट ठेवणे स्वस्त पडते.

कोणताही बदल केला तर मोजणी मात्र करावी. टाकी फुल्ल करून नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वजनाने गाडी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची आणि लिटरचा हिशेब मांडायचा. हे तीन-चार वेळा करायचे, बदलाच्या आधी आणि नंतरही. ट्रॅक्टर असेल तर तास आणि एकर धरायचे.

डिझेल यांचे स्वप्न पूर्ण झाले का?

त्यांच्या हयातीत हे इंजिन कारखाने, वीजघरे आणि जहाजांपुरतेच राहिले. डिझेलचे ट्रक १९२० च्या दशकात आले. लहान कारागिराचे इंजिन हे स्वप्न त्यांना पाहायला मिळाले नाही.

ते खरे झाले ते दूरच्या गावांत. महाराष्ट्रात १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. मराठवाड्यात वीज पोहोचण्याआधी अनेक विहिरींवर अशीच इंजिने पाणी उपसत होती. मळणी, पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप एकाच इंजिनावर चालवणारी घरे होती. कारागिराच्या मुलाने कल्पिलेले इंजिन ते हेच.

गोदाकाठच्या पालम तालुक्यात आजही ट्रॅक्टर त्याच तत्त्वावर चालतो. हवा दाबायची, ती तापू द्यायची, मग इंधन सोडायचे. शंभरातले सव्वीस रुपये कामी आणणाऱ्या माणसाने ताकद वाढवणारा पंप स्वतःच काढून टाकला होता, कारण मोजणीचे आकडे तसे सांगत होते. गॅरेजमध्ये पुढच्या वेळी कोणी नवा सायलेन्सर दाखवला, तर किमतीच्या आधी लिटरचा आकडा विचारायला हरकत नाही.